हाताला येईल ती नळी

लातूरला आमचं मटणाचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, मी चालवलं, आता थोरला मुलगा बसतो. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं शाळा मला नको होती आणि शाळेलाही मी नको होतो. पण दुकानाकडं कुणी बोट दाखवावं असं कधी केलं नाही. आमच्याकडं कोवळाच माल. खस्सी केलेला काळा उस्मानाबादी बोकड, तोही आदत. आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो. दोन दात आलेला एखादा चालवून घेतो, त्याच्या पुढचा माझ्या दुकानाची पायरी चढत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. फुशारकी असली तरी खरी आहे.

धाकटी लेक औषधांचं शिकली. आमच्या गल्लीत औषधांचं शिकणं म्हणजे मेडिकल टाकणं, त्यामुळं जो तो विचारायचा, "पोरीचं मेडिकल कधी टाकणार?" मी म्हणायचो, टाकू. खरं म्हणजे ती काय करते हे मलाही कळत नव्हतं. मग एक दिवस ती दुकानात आली. दुकानात ती सहसा येत नाही.

"आबा, मला श्वासाच्या नळ्या लागतील. बोकडाच्या, शेळीच्या."

मी हसलो. आमच्यात नळी कुणी विकत घेत नाही. फुफ्फुसाचं गिऱ्हाईक असतं, पायाचं असतं, नळी कुत्र्याला जाते.

"कशाला पाहिजे?"

तिनं सांगितलं ते असं. जनावर घाबरलं की त्याच्या अंगात एक रस सुटतो. अॅड्रिनालिन म्हणतात. माणसाच्याही सुटतो. त्यानं छाती धडधडते आणि श्वासाची नळी मोकळी होते, पळायला हवा पुरावी म्हणून. पण हा रस असाच काम करत नाही. नळीच्या मांसात त्याला बसायला बारीक बारीक जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. काळजावर एका जातीच्या, नळीवर दुसऱ्या जातीच्या. दम्याच्या पंपातलं औषध नळीवरच्या त्या जागांवर जाऊन बसतं आणि नळी सैल पडते. तिचा अभ्यास त्या जागांचा.

"त्या जागा दिसतात का?" मी विचारलं.

"न्हाई आबा. औषध दिल्यावर नळी किती सैल पडली, त्यावरून ओळखायचं."

हे मला पटलं. जनावर आतून कसं निघेल ते आम्हीही वरूनच ओळखतो.

जाताना ती म्हणाली, "एक लक्षात ठेवा. निवडायचं न्हाई. हाताला येईल त्या जनावराची द्यायची."

मी "हाव" म्हणालो. आणि मनात म्हणालो, वेडी हाय पोरगी. परक्या गिऱ्हाइकाला मी कधी हाताला येईल ते दिलं नाही, पोटच्या लेकीला देऊ?

तिनं मिठाच्या पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या. पहाटे जनावरं कापून झाली की त्यातलं सगळ्यात कोवळं, सगळ्यात तेजीचं मी बघायचो, त्याची नळी स्वतः सोडवायचो, त्या पाण्यात टाकून डबा बर्फात ठेवायचो. मुलगा म्हणायचा, "आबा, एवढं तर तुम्ही तहसीलदाराच्या ऑर्डरला करत न्हाईत." मी म्हणायचो, तहसीलदार काय माझ्या पोटचा आहे का.

एकदा तिनं मला कॉलेजात नेऊन दाखवलं. काचेच्या नळकांड्यात कोमट पाणी, खालून हवेचे बुडबुडे. मी दिलेल्या नळीच्या तिनं बांगड्यांसारख्या चकत्या कापल्या होत्या आणि दोऱ्यानं एकीला एक बांधून माळ केली होती. माळ त्या पाण्यात टांगलेली. एक औषध टाकलं की माळ आखडायची, पडद्यावरची रेघ वर जायची. मग पंपातल्या जातीचं औषध थेंबाथेंबानं वाढवत न्यायचं. रेघ खाली यायची. माळ जिवंत असल्यासारखी वागत होती. मी एवढी जनावरं पाहिली, पण कापल्यावर इतक्या वेळानं नळी ऐकते हे मला माहीत नव्हतं. ते मी तिथं बोललो नाही. म्हणालो, "माल चांगला हाय म्हणून."

एका नळीचं सगळं झालं की कॉम्प्युटरवर तिचा एक टिपका. नळी जेवढी सैल पडली तेवढा टिपका वर. माझ्या नळ्यांचे टिपके सगळे वर, एकमेकांना खेटून बसलेले. तिचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती शिकत होती ते, म्हणाले, "इतके जवळजवळ आकडे मी फार कमी वेळा पाहिलेत." मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

पुढं लातूरचं ते यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं. पीएचडीचं लिहून द्यायची मुदत जवळ आलेली. कॉलेजात शिकवायची एक जागा निघणार होती, ती डिग्री हातात असेल तरच मिळणार होती. म्हणून लेक नांदेडला गेली. तिथल्या एका कॉलेजात तसंच यंत्र होतं आणि राहायला तिची मावशी होती. नळ्या नांदेडच्या बाजारातूनच घ्यायच्या ठरल्या. मी म्हणालो, एसटीनं रोज डबा पाठवतो. ती म्हणाली, एवढ्या वेळात नळी मरते.

महिन्याभरानं ती परत आली ती तोंड पाडून. जेवली नाही. दुपारी बैठकीत लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"हे तुमचे," तिनं वरचा झुबका दाखवला. "आणि हे नांदेडचे."

नांदेडचे टिपके सगळीकडं उधळलेले. दोन-चार वर, बरेच मध्ये, काही पार तळाला. नुसती ज्वारी सांडल्यासारखी.

"तिथलं पाणी खराब असेल," मी म्हणालो.

"पाणी मीच केलं होतं."

"मग औषध शिळं."

"तीच बाटली, आबा."

तेवढ्यात तिच्या सरांचा फोन आला. तिनं स्पीकरवर लावला. ते शांतपणे म्हणाले, नांदेडचे आकडे वगळ, जागा बदलली की असं होतं, लातूरचे पुरेसे आहेत, सुंदर आहेत, लिहायला घे, मुदत चुकली तर ती जागाही जाईल. ती "विचार करते सर" म्हणाली आणि फोन ठेवला.

"मग घे की लिहायला," मी म्हणालो. "खराब माल मी काढून टाकतो, तू खराब टिपके काढ."

"ते खराब हायत हे कशावरून?"

"जुळत न्हाईत की."

"न जुळणारे काढून टाकले तर उरलेले जुळणारच, आबा. त्यात मी काय शोधलं? उद्या ह्याच्यावरून कुणी म्हणेल, हे औषध सगळ्यांच्या नळीवर इतकं चालतं. आणि चालणार न्हाई."

ती पडद्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं, जरा वेळ बघितलं, आणि म्हणाली, "आबा, तुम्ही मला कोणत्या जनावराच्या नळ्या देत होता?"

"चांगल्या."

"चांगल्या म्हणजे?"

"सगळ्यात कोवळ्या जनावराच्या. आदत. बघून, निवडून."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलं होतंस. पण मी खाटिक हाय का कोण हाय?"

ती चिडली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती चिडली नाही. कपाळाला हात लावला. आतून तिची आई म्हणाली, "त्यांना सांगून उपयोग हाय का? मला बघायला आले तवा माझेबी दात बघितले होते ह्यांनी."

लेक हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. मग तिनं मला समजावलं. मी दिलेल्या नळ्या सगळ्या एका वयाच्या, एका तब्येतीच्या, म्हणून टिपके एका जागी. नांदेडात तिला मिळालं ते मिळालं, त्यात म्हातारं-तरणं सगळं असणार. कदाचित वय वाढेल तशी नळी औषधाला कमी दाद देत असेल. कदाचित तसं नसेलही, दुसरंच काही असेल. ते कळायला सगळ्या वयाच्या नळ्या हव्यात, आणि प्रत्येकीचं वय माहीत हवं. नाहीतर झालेली सगळी वर्षं पाण्यात.

तेव्हा मी म्हणालो आणि आजही म्हणतो, मी माझ्या हिशेबानं बरोबर केलं. दुकानदारानं चांगलंच द्यावं. पण दुकान वेगळं आणि तिचं काम वेगळं, हे त्या दिवशी माझ्या टाळक्यात शिरलं.

आता अडचण अशी की म्हातारं जनावर माझ्याकडं कापत नाहीत. एखाद-दुसरं आणून कापलं असतं तर दुपारच्या आत गंजगोलाईच्या बाजारापर्यंत बातमी गेली असती की आबाच्या दुकानात भाकड शेळी आली. म्हाताऱ्या शेळ्या कापायचा तो माझा चुलतभाऊ. आमच्याच गल्लीत, समोरच्या बाजूला, चार दुकानं सोडून. आणि त्याच्याशी माझं बोलणं बंद.

बोलणं बंद होण्याचं कारण माझ्या दृष्टीनं साधं आहे. आखाडातला रविवार होता. श्रावण लागायच्या आधीचा, म्हणजे गर्दी किती ते सांगायला नको. ह्यानं म्हाताऱ्या शेळीच्या मांडीला बोकडाची खूण लटकवलेली, गिऱ्हाइकाला बोकड वाटावा म्हणून. मी त्याच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "लोकांच्या दातांचा तरी विचार कर." तेवढंच म्हणालो. तेव्हापासून लग्नात तो ज्या पंगतीला, त्या पंगतीला मी बसत नाही.

लेक म्हणाली, "मी जाते काकांकडं."

"माझी लेक त्याच्या दारात हात पसरायला जाणार न्हाई."

"मग तुम्ही जा," आतून आवाज आला.

मी गेलो. दुपारची वेळ धरून गेलो, दुकानात कुणी नसतं तेव्हा. तो ओंडक्याला पाणी मारत होता.

"या थोरले मालक. रस्ता चुकलात का?"

"न्हाई. कामाला आलो."

"माझ्याकडं? आमचा माल तर दातांना चांगला न्हाई म्हणे."

"नळ्या पाहिजेत. श्वासाच्या."

"का? तुमच्या बोकडाला नळी नसती? बिनश्वासाचेच आणता का बाजारातून?"

"म्हाताऱ्या जनावराच्या पाहिजेत."

त्यानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माझ्या दुकानात म्हातारं जनावर कापत न्हाईत. तू एकदा चार लोकांत म्हणालास कापतात म्हणून. तू खोटा होतास."

आता बघा, काय पेच. तो खरं बोलला तर त्याची इज्जत जाते आणि मी गप्प बसलो तर माझी. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. म्हणालो, "धाकटीच्या शिक्षणाला लागतात. न्हाई मिळाल्या तर तिचं वाया जातं."

"ती? कॉलेजातली?" त्याचा आवाज जरा उतरला. "लहानपणी रोज यायची माझ्याकडं. तूच बंद केलीस तिला."

मी चौकटीवरचा हात काढला.

"देतो," तो म्हणाला. "कुणाला सांगू नको, मीबी न्हाई सांगणार. वयबी खरं सांगीन. पण एक गोष्ट. तू चार लोकांत बोलला होतास. आता चार लोकांत माझ्या दुकानातून मटण घेऊन जायचं. रविवारी, गर्दीत, रांगेत उभं राहून."

"दुसरं काही माग."

"दुसरं मला नको."

घरी येऊन मी कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवस विचार केला. लेक रोज तो लॅपटॉप उघडायची आणि मिटायची. रविवारी सकाळी मी स्वच्छ धोतर नेसलो, टोपी घातली आणि माझ्या स्वतःच्या दुकानावरून, मुलाच्या डोळ्यांसमोरून, चालत जाऊन त्याच्या रांगेत उभा राहिलो. क्लासच्या पोरांची मेस चालवणारा एक जण माझ्या पुढं होता, तो माझं जुनं गिऱ्हाईक होता म्हणून मान चोरत होता. त्यानं मला बघितलं.

"आबा, तुम्ही इकडं? दुकान बंद केलं का?"

"चव बदलायला," मी म्हणालो.

माझा नंबर आला तेव्हा चुलतभाऊ मुद्दाम मोठ्यानं ओरडला, "थोरल्या मालकांना मांडीचं द्या रे! दातांचा विचार करून द्या!" सगळी रांग हसली. मी पिशवी पुढं केली, मटण घेतलं, पैसे दिले आणि त्याच चालीनं परत आलो. मुलगा दुकानातून खाली उतरला होता. म्हणाला, "आबा, हे काय करायलात?" मी म्हटलं, गिऱ्हाईक बघ.

ते मटण बायकोनं काळ्या मसाल्यात केलं. कुकर शिट्ट्या देतोय, देतोय, थांबायचं नाव नाही. जेवताना ती म्हणाली, "कसं हाय?" मी म्हणालो, "शिजलंय." मी ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं. बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून नळ्या सुरू झाल्या. लातूरचं यंत्र दुरुस्त होऊन आलं होतं. पद्धत लेकीनं घालून दिली. दोन्ही दुकानांतल्या नळ्या, प्रत्येकीला दोरा बांधलेला आणि दाताप्रमाणे दोऱ्याला गाठी. आदतला गाठ नाही, दोन दातीला एक, चार दातीला दोन, असं वाढत आठ दातीला चार, आणि दात झिजलेली म्हातारी असेल तर पाच. चुलतभावाचा शब्द मी नुसता धरला नाही, जबडा उघडून दाखव म्हणालो. तो म्हणाला, "विश्वास न्हाई का?" मी म्हणालो, न्हाई. त्यानं दाखवला.

सगळ्या नळ्या मिठाच्या थंड पाण्याच्या बादलीत. त्यातून त्या दिवशीच्या उचलायच्या. मी हात घातला की लेक ओरडायची, "तुम्ही न्हाई!" तिचं बरोबर होतं. न बघता उचलली तरी माझ्या बोटांना कोवळी नळी कळते आणि बोटं तिच्याकडंच जातात. एवढ्या वर्षांची खोड, ती काय एका दिवसात जाते? शेवटी ते काम बायकोला दिलं. ती तोंड दुसरीकडं करून, भाजीवालीशी बोलत बोलत, बादलीत हात घालायची आणि येईल ती काढायची. तिच्या हाताला खरोखर कशाचंच सोयरसुतक नव्हतं. मी त्या नळीचा दोरा सोडून घ्यायचो, डब्याचा नंबर घालून आमच्या भिंतीतल्या देवळीच्या खिळ्याला अडकवायचो, आणि डबा बिनदोऱ्याचा लेकीकडं जायचा. कोणती नळी कोणत्या वयाची हे तिला आधी कळायला नको होतं.

"आधी कळलं तर काय होईल?" मी विचारलं.

"मग माझी बोटंबी तुमच्यासारखीच वागतील," ती म्हणाली.

मुदत गेली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. लेक त्या दिवशीही कॉलेजात गेली आणि तिनं माळ टांगली. मला वाईट वाटलं, पण तिच्यासमोर मी तो विषय काढला नाही, तिनंही नाही.

सगळ्या नळ्या झाल्यावर एका दुपारी आम्ही बैठकीत बसलो. ती नंबर म्हणायची, मी खिळ्यावरून दोरा काढून गाठी मोजायचो. ती टिपका उचलून वयाप्रमाणे सरकवायची. बायको दारात उभी होती. अर्धे दोरे होईपर्यंत काही कळेना. मग हळूहळू दिसायला लागलं. बिनगाठीचे डावीकडं, वर. एका गाठीचे थोडे खाली. तीन, चार, पाच गाठींचे उतरत उतरत उजवीकडं. जनावर जेवढं जून, तेवढी नळी औषधाला कमी ऐकते. त्यात दोन-तीन म्हाताऱ्या शेळ्या मात्र कोवळ्या बोकडासारख्या वर बसलेल्या.

"ह्या कामून वर?" मी विचारलं.

"माहीत न्हाई."

"मग काढणार का?"

"न्हाई. तशाच राहणार. माहीत न्हाई असं लिहायचं."

नांदेडच्या टिपक्यांची वयं कुणाला माहीत नव्हती, म्हणून ते वेगळ्या रंगात एका बाजूला ठेवले. पण ठेवले. माझे जुने टिपके पण ठेवले, डाव्या कोपऱ्यात, आणि खाली लिहिलं की हे निवडलेल्या जनावरांचे आहेत. सर आधी तिच्यावर तिरसटले. मग ते चित्र बघत बसले आणि म्हणाले, हा तर वेगळाच विषय झाला, हाच लिही. तिला डिग्री मिळाली ती उशिरा. आता ती नांदेडला शिकवते, त्याच कॉलेजात, जिथं तिचे टिपके उधळले होते.

डिग्री मिळाल्यावर ती पेढे घेऊन चुलतभावाकडं गेली. मी पण गेलो, लांब उभा राहिलो. तिनं त्याला मोबाइलवर ते चित्र दाखवलं. "काका, हे वरचे आबांचे. हे खालचे तुमचे."

त्यानं डोळे बारीक करून बघितलं. "माझे खाली कामून?"

"वयानं, काका."

"म्हणजे आता छापून येणार का, की माझ्या दुकानात म्हाताऱ्या शेळ्या कापतात?"

"कुणाचंच नाव न्हाई त्यात. नुसतं लातूरच्या बाजारातून आणल्या असं लिहिलंय."

"आणि ह्याचं?" त्यानं माझ्याकडं हनुवटी केली.

"त्यांचंबी न्हाई."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला.

माझं टाकलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं. ते चार शब्द जिभेवर आले होते. पण मग त्याचंही टाकावं लागलं असतं, म्हणून मी बोललो नाही. परत येताना त्यानं मागून विचारलं, "थोरले, रविवारी मांडीचं ठेवू का?"

मी मागं न बघता म्हणालो, "आदत असेल तर ठेव."

"आदत तर तुझ्याकडंच मिळतं," तो म्हणाला.

हे मात्र तो चार लोकांत म्हणाला. मेसवाला तिथंच उभा होता.